ऑनलाइन खेळातला दोष उपयोगी पडेल असा कसा कळवावा

ऑनलाइन खेळातला दोष ज्याला दिसतो तो खेळाडू आणि तो दुरुस्त करणारा प्रोग्रामर यांची गाठ बहुधा कधीच पडत नाही. खेळाडूच्या पडद्यावर काय घडले, त्याआधी त्याने कोणती कळ दाबली, त्याच्या गटात त्या वेळी किती जण होते, यातले काहीही प्रोग्रामरने पाहिलेले नसते. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो केवळ आपण लिहिलेला मजकूर. म्हणून दोष कळवताना मी एकच कसोटी लावतो: हा मजकूर वाचून एखाद्या अनोळखी माणसाला स्वतःच्या संगणकावर तोच दोष घडवून आणता येईल का? तसा तो घडवता आला, तर त्याचे कारण शोधण्याची साधने प्रोग्रामरकडे असतात. घडवता आला नाही, तर नोंद कितीही खरी असली तरी ती बाजूला पडून राहते.

खेळाडूंच्या नोंदी वाचणे, सारख्या नोंदी एकत्र करणे आणि नेमक्या झालेल्या पुढे पाठवणे हे काम मी अनेक वर्षे स्वयंसेवक म्हणून करत आलो आहे. "गेम बिघडला आहे, ताबडतोब दुरुस्त करा" अशा नोंदी रोज येतात. त्यांमागचा राग खरा असतो, कारण कित्येक तासांची मेहनत एका क्षणात गेलेली असते. तरीही त्या वाक्यातून कोणालाही काही करता येत नाही, आणि त्या खेळाडूचे गेलेले तास तसेच वाया जातात, याचे मला दर वेळी वाईट वाटते. थोडी काळजी घेतली, तर तीच नोंद खऱ्या अर्थाने कामाची होऊ शकते.

पहिली दहा मिनिटे

दोष दिसताच खेळ बंद करून पुन्हा सुरू करण्याची घाई करू नये. सर्वप्रथम घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवावी, तीही मिनिटापर्यंत. सर्व्हरवर, म्हणजे सर्वांचा खेळ ज्या मध्यवर्ती संगणकावरून चालतो त्यावर, प्रत्येक घटनेची नोंद वेळेनुसार होत असते आणि "काल संध्याकाळी कधीतरी" एवढ्यावरून लाखो ओळींतून ती घटना शोधणे अशक्य असते. वेळेसोबत आपला टाइम झोन लिहावा किंवा वेळ सरळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, द्यावी, कारण वाचणारा जगात कोठेही बसलेला असू शकतो.

त्यानंतर पडद्याचे चित्र घ्यावे. पडद्यावर काही मजकूर आला असेल, तर तो आठवणीतून लिहू नये. तसे लिहिताना हमखास 'ध'चा 'मा' होतो आणि त्रुटी-क्रमांकातला एक आकडा बदलला की शोध भलत्याच दिशेला जातो. घटना घडून गेल्यावर चित्राचा उपयोग कमी असतो, तेथे चलचित्र लागते. विंडोजच्या गेम बारमध्ये पार्श्वभूमीवरचे रेकॉर्डिंग आधीपासून चालू ठेवलेले असेल, तर विंडोज, ऑल्ट आणि जी या तीन कळा एकत्र दाबल्यावर नुकतेच घडलेले ३० सेकंद जतन होतात. अँड्रॉइडमध्ये ११व्या आवृत्तीपासून आणि आयफोनमध्ये आयओएस ११ पासून पडद्याचे रेकॉर्डिंग करण्याची सोय मुळातच दिलेली आहे. चलचित्र पाठवताना मात्र पूर्ण तासाभराची फाइल देऊन "मध्ये कुठेतरी आहे" असे सांगू नये. दोष कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला दिसतो ते लिहावे.

लॉग फाइल, म्हणजे खेळ चालू असताना काय काय घडले याची खेळाने आपोआप लिहिलेली नोंद, ही सर्वांत मोलाची आणि सर्वांत सहज हरवणारी गोष्ट आहे. अनेक खेळ सुरू होताना जुन्या लॉगवर नवा लॉग लिहितात. युनिटी इंजिन या खेळ बनवण्याच्या साधनावर बनलेल्या खेळांत साधारणपणे चालू खेपेची एक आणि तिच्या आधीच्या खेपेची एक अशा दोनच फाइली राहतात, म्हणजे क्रॅशनंतर (खेळ अचानक बंद पडल्यावर) तो दोनदा सुरू केला की पुरावा गेला. म्हणून फाइलची प्रत आधी दुसरीकडे करून ठेवावी आणि मगच पुन्हा खेळायला बसावे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत क्रॅशचे अहवाल स्वतंत्र फोल्डरमध्ये तारीख-वेळेसह साठतात, आणि एफ३ दाबल्यावर खेळाची आवृत्ती, आपण उभे आहोत त्या जागेचे निर्देशांक आणि आपले तोंड कोणत्या दिशेला आहे हे सगळे पडद्यावर येते. अशी सोय ज्या खेळात असेल तेथे ती चालू ठेवूनच चित्र घ्यावे. "नदीपलीकडच्या डोंगराजवळ" या वर्णनापेक्षा तीन आकडे कितीतरी अधिक सांगतात.

हा दोष खेळाचाच आहे का

कळवण्यापूर्वी थोडी पडताळणी स्वतः करावी. शेवटच्या अपडेटसोबत आलेली बदलांची यादी वाचावी, कारण जो दोष वाटतो आहे तो कधीकधी हेतुपुरस्सर केलेला बदल असतो. सर्व्हरची देखभाल चालू आहे का ते पाहावे. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या खेळात फाइली शाबूत आहेत की नाहीत हे तपासण्याची सोय असते, ती वापरावी. मॉड, म्हणजे खेळात बदल करणारे इतरांनी बनवलेले जोड, लावलेले असतील, तर ते सर्व काढून तोच प्रकार पुन्हा करून पाहावा; मॉड काढल्यावर दोष नाहीसा झाला, तर तो मॉड बनवणाऱ्याला कळवायचा असतो, खेळाच्या निर्मात्यांना नव्हे. मॉड असताना ते नसल्याचे सांगणे मात्र कधीही करू नये. त्यामुळे कोणाचे तरी दिवसच्या दिवस फुकट जातात.

नेमबाजीच्या खेळांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक गैरसमज तेथेच होतात. "माझी गोळी लागली होती, पण नोंदलीच नाही" ही तक्रार प्रत्येक वेळी दोषाची नसते. सर्व्हर जगाची स्थिती अखंडपणे नव्हे, तर ठरावीक ठोक्यांनी पुढे नेत असतो. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० ठोके घेतो, व्हॅलोरंटचा १२८. सेकंदाला ६४ ठोके असतील, तर दोन ठोक्यांमध्ये सुमारे १५.६ मिलिसेकंदांचे अंतर पडते. त्यात आपला संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, म्हणजे पिंग, आणि समोरच्या खेळाडूचा पिंग मिळवला, की आपल्याला दिसणारा शत्रू सर्व्हरच्या हिशोबात थोडा पुढे सरकलेला असणार हे उघड आहे. बहुतेक खेळ ही तफावत भरून काढण्याचा प्रयत्न करतात, पण ती पूर्णपणे पुसता येत नाही. याचा अर्थ अशी तक्रार करूच नये असा नाही. आपला पिंग, पॅकेट (जाळ्यावरून जाणारे माहितीचे तुकडे) किती टक्के गळत होते आणि फ्रेम दर, म्हणजे पडद्यावर सेकंदाला उमटणाऱ्या चित्रांची संख्या, किती होता, हे तिन्ही आकडे पडद्यावर दिसत असतानाचे चलचित्र जोडले, तर वाचणाऱ्याला जाळ्याचा अडथळा आणि खेळाचा दोष वेगळे करता येतात. पिंग स्थिर आहे, एकही पॅकेट गळलेले नाही, आणि तरीही एका ठरावीक दारातून मारलेली गोळी दर वेळी वाया जाते, असे दाखवून देता आले, तर ती अत्यंत मोलाची नोंद ठरते.

दोष पुन्हा घडवून आणणे

या कामातला खरा कस येथे लागतो. एका ऑनलाइन खेळात आमच्या समूहाकडे एकदा नोंद आली: "अदलाबदल करताना माझी तलवार गायब झाली, दोन आठवड्यांची मेहनत गेली." दोन दिवसांत ढालीबद्दल तशीच नोंद आली, मग एका अंगठीबद्दल. तिघांनीही इंटरनेटला दोष दिला होता. आम्ही चौघे जण एका रात्री फुकट मिळणाऱ्या लाकडी काठ्या घेऊन बसलो आणि एकमेकांना देऊ लागलो. साध्या वीस अदलाबदली सुरळीत झाल्या. घेणाऱ्याची थैली पूर्ण भरून पाहिली, तर खेळाने जागा नसल्याचे बरोबर सांगितले. देणाऱ्याला घोड्यावर बसवले. दहाही वेळा काठी पोहोचली. मग घेणारा घोड्यावर बसला, आणि दहापैकी तीन वेळा काठी नाहीशी झाली.

दहापैकी तीन हे उत्तर नसते, ती एक खूण असते. त्या तीन वेळांत असे काय होते जे उरलेल्या सातांत नव्हते? चलचित्रे पुन्हा पाहिल्यावर कळले, की त्या तिन्ही वेळा घेणाऱ्याने अदलाबदलीची खिडकी उघडल्यानंतर घोडा बोलावला होता आणि तो खोगिरावर स्थिर होण्यापूर्वीच देणाऱ्याने 'मान्य' दाबले होते. तसेच मुद्दाम केल्यावर दहापैकी दहा वेळा काठी गेली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे, हा नियम आम्ही पाळला म्हणून हे हाती लागले. घोडा, भरलेली थैली आणि संथ इंटरनेट या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या, तर सकाळपर्यंत बसूनही काही कळले नसते.

अट कोठे लपलेली असेल याचा अंदाज बांधताना एक जुने उदाहरण माझ्या मनात नेहमी असते. सप्टेंबर २००५ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात हक्कार नावाच्या शत्रूशी लढताना होणारी एक संसर्गजन्य रक्तबाधा त्या लढाईच्या जागेपुरतीच राहणे अपेक्षित होते. परंतु खेळाडूंनी आपल्या पाळीव प्राण्याला बाधा झालेली असतानाच दूर पाठवले आणि नंतर शहरात परत बोलावले, तेव्हा प्राण्यासोबत ती बाधाही आली आणि गजबजलेल्या शहरांत पसरली. वस्तू, प्राणी, वाहन, गटातले सदस्यत्व, अर्धवट राहिलेली क्वेस्ट (खेळाने दिलेली कामगिरी) अशा ज्या गोष्टी एका ठिकाणची स्थिती दुसऱ्या ठिकाणी वाहून नेतात, त्यांच्याकडे आधी पाहावे. खेळ चाचणीला असताना मोजके लोक जे संयोग करून पाहतात, त्याच्या कित्येक पट संयोग हजारो खेळाडूंच्या हातून सहज घडतात, आणि म्हणूनच खेळाडूंनी केलेल्या नोंदींना पर्याय नाही.

दोष पुन्हा घडलाच नाही, तरी नोंद करावी. फक्त तसे स्पष्ट लिहावे: "एकदाच घडले, नंतर पंधरा वेळा प्रयत्न केला, घडले नाही." हा प्रामाणिक आकडा वाचणाऱ्याला हवा असतो.

लिहिताना

शाळेच्या प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे रकाने असतात. दोषाची नोंद लिहिण्यासाठी याहून चांगला साचा मला सापडलेला नाही. साहित्यात खेळाच्या आवृत्तीचा पूर्ण क्रमांक येतो; "नवीनतम आवृत्ती" असे लिहू नये, कारण आपली नोंद वाचली जाईपर्यंत कदाचित तिसरीच आवृत्ती आलेली असेल. त्यासोबत संगणक, फोन की कन्सोल, ऑपरेटिंग सिस्टिम, सर्व्हरचा विभाग आणि आपल्या पात्राचा प्रकार लिहावा. पडद्यावरील चित्र विस्कटत असेल, तर ग्राफिक्स कार्ड आणि त्याच्या ड्रायव्हरची आवृत्तीही लागते. विंडोजमध्ये डीएक्सडायग हे साधन ही सारी माहिती एका मजकूर फाइलमध्ये काढून देते. याउलट, एखाद्या संवादातली अक्षरचूक कळवताना ग्राफिक्स कार्डाची माहिती देण्याचे काहीच कारण नाही.

शीर्षक शोधणाऱ्याच्या सोयीसाठी असते. "मोठा बग!!!" या शीर्षकाखाली काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उद्या तोच दोष दिसलेल्या दुसऱ्या खेळाडूलाही ते सापडत नाही. कोणती कृती, कोणती अट आणि काय परिणाम, एवढे त्यात आले की पुरे. आमची नोंद शेवटी अशी लिहिली गेली:

"अदलाबदलीची खिडकी उघडी असताना घेणारा घोड्यावर चढू लागल्यास दिलेली वस्तू नाहीशी होते. कृती: पहिला आणि दुसरा खेळाडू शेजारी उभे राहतात. पहिला अदलाबदलीची खिडकी उघडून त्यात एक लाकडी काठी ठेवतो. दुसरा 'मान्य' दाबतो आणि लगेच घोडा बोलावतो. दुसरा खोगिरावर बसण्याआधी पहिला 'मान्य' दाबतो. अपेक्षित: काठी दुसऱ्याच्या थैलीत यावी, किंवा अदलाबदल रद्द होऊन ती पहिल्याकडे राहावी. प्रत्यक्षात: काठी दोघांकडेही नाही, दोघांनी बाहेर पडून पुन्हा प्रवेश केल्यावरही नाही. दहापैकी दहा वेळा घडले. घोडा आधीच बोलावलेला असल्यास घडत नाही."

त्याखाली स्वतंत्र ओळीत आम्ही आमचा अंदाज लिहिला होता, की काठी घोड्याच्या खोगिराच्या थैलीत जात असावी. तो अंदाज साफ चुकीचा निघाला. अदलाबदल सर्व्हरवर अर्धवट रद्द होत होती आणि घोड्याच्या थैलीचा तिच्याशी काही संबंध नव्हता. अनुमान निरीक्षणात मिसळलेले नव्हते, म्हणून त्याने कोणाचेही नुकसान केले नाही. "घोड्याच्या थैलीत वस्तू अडकतात" असे शीर्षक आम्ही दिले असते, तर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे झाले असते. अंदाज जरूर लिहावा, कधीकधी तोच मार्ग दाखवतो. परंतु सुतावरून स्वर्ग गाठून तो वस्तुस्थिती म्हणून मांडू नये.

अंदाजाला मोजमापाची जोड मिळाली तर काय होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण २०२१ सालचे आहे. जीटीए ऑनलाइन सुरू व्हायला फार वेळ लागतो, ही तक्रार असंख्य खेळाडू वर्षानुवर्षे करत होते. एका खेळाडूने आपल्या संगणकावर लागणारी सुमारे सहा मिनिटे नेमकी कोठे जातात हे मोजून काढले. सुमारे १० मेगाबाइटची, ६३ हजारांच्या आसपास नोंदी असलेली एक यादी वाचताना खेळ तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोजत होता आणि प्रत्येक नवी नोंद आधीच्या सगळ्यांशी ताडून पाहत होता. हे सुधारल्यावर त्याच्याकडे तो वेळ दोन मिनिटांच्याही आत आला. निर्मात्या कंपनीने त्याचे निष्कर्ष मान्य करून त्याच वर्षी मार्चमध्ये दुरुस्ती दिली आणि त्याला १० हजार डॉलरचे बक्षीसही दिले. प्रत्येकाला प्रोग्रामची अशी चिरफाड जमणार नाही, पण "फार वेळ लागतो" याऐवजी घड्याळ लावून "पाच वेळा मोजले, दर वेळी साडेपाच ते सहा मिनिटे लागली" असे लिहिणे कोणालाही जमते.

एका नोंदीत एकच दोष लिहावा. आणि नमनाला घडाभर तेल घालू नये: खेळावर आपले किती प्रेम आहे, आधीच्या अपडेटने कशी निराशा केली, हे सांगण्याची जागा वेगळी असते.

जे उघडपणे सांगायचे नसते

वस्तूंच्या दुप्पट प्रती तयार होणे, दुसऱ्याच्या खात्यात शिरता येणे, एखादा संदेश पाठवून इतरांचा खेळ बंद पाडता येणे, असे दोष सर्वांसमोर मांडू नयेत. चलचित्रही सार्वजनिक ठेवू नये. निर्मात्यांनी अशा नोंदींसाठी दिलेला खासगी मार्ग वापरावा, आणि तो सापडत नसेल तर तपशील न देता केवळ "खासगी मार्ग हवा आहे" एवढेच विचारावे. खात्री करण्यासाठी एक-दोनदा करून पाहणे समजण्यासारखे आहे. त्यातून आलेल्या वस्तू मात्र वापरू किंवा विकू नयेत आणि किती आल्या ते नोंदीत लिहावे. अनेक खेळांत दोषाचा फायदा घेतल्याबद्दल खाते बंद होते, आणि प्रामाणिकपणे कळवणाऱ्याने त्या यादीत जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

खेळाबाहेरचे नुकसान होत असेल, तर नोंद परिपूर्ण होण्याची वाट पाहू नये. डिसेंबर २००७ मध्ये ईव्ह ऑनलाइनच्या एका अपडेटने विंडोज सुरू होण्यासाठी लागणारी बूट.इनी ही फाइलच काही संगणकांवरून पुसून टाकली, कारण खेळाचीही त्याच नावाची एक फाइल होती. अशा वेळी पहिल्या काही जणांनी घाईने लिहिलेल्या दोन ओळीसुद्धा बाकीच्यांचे संगणक वाचवू शकतात. मात्र लॉग जोडण्यापूर्वी तो नेहमीच एकदा वाचावा. त्यात संगणकावरचे आपले नाव, आयपी पत्ता, कधी कधी खात्यात प्रवेश देणारा टोकन (पासवर्डासारखा गुप्त संकेत) आणि इतर खेळाडूंशी झालेले संभाषणही असू शकते. असे भाग झाकावेत आणि झाकल्याचे सांगावे. पासवर्ड कोणालाही, अगदी निर्मात्यांच्या नावाने मागणाऱ्यालाही, देऊ नये.

इतरांच्या नोंदींत भर घालताना

नवी नोंद करण्यापूर्वी दोन-तीन निरनिराळ्या शब्दांनी शोध घ्यावा. तोच दोष आधी नोंदलेला असेल, तर "माझ्याकडेही" एवढ्यावर थांबू नये. आपल्याकडे काय वेगळे आहे ते सांगावे: मूळ नोंद संगणकावरची असेल आणि आपण फोनवर खेळत असाल, तर या एका वाक्याने संशयाची अर्धी क्षेत्रे गळून पडतात. आपल्याकडे तो दोष घडत नाही, हेसुद्धा तितकेच उपयोगी असते.

नवख्या खेळाडूची नोंद अर्धवट असेल, तेव्हा त्याला नियम दाखवण्याऐवजी एक नेमका प्रश्न विचारावा. "तलवार कोणत्या खिडकीत होती आणि त्या वेळी तुम्ही पायी होता की घोड्यावर?" असे विचारल्यावर लोक उत्साहाने उत्तर देतात, "नीट माहिती द्या" म्हटल्यावर गप्प बसतात. परक्या भाषेत कसेबसे लिहिणाऱ्याला त्याच्याच भाषेत लिहायला सांगून आपण अनुवाद करून द्यावा. तलवार गेलेल्या त्या पहिल्या खेळाडूची नोंद चार शब्दांची म्हणून कोणी बंद करून टाकली असती, तर आम्ही काठ्या घेऊन बसलोच नसतो.

नोंद पाठवल्यावर तिच्याकडे अधूनमधून पाहत राहावे. प्रोग्रामरने विचारलेला प्रश्न महिनाभर अनुत्तरित राहिला, तर नोंद बंद होते आणि ते योग्यही आहे. दुरुस्ती आल्याचे वाचले की नव्या आवृत्तीत तीच कृती तितक्याच वेळा करून पाहावी आणि निकाल त्याच ठिकाणी लिहावा. आमच्या अदलाबदलीची दुरुस्ती आली, तेव्हा आम्ही चौघे पुन्हा काठ्या घेऊन बसलो. घोड्यावर चढताना दहाही वेळा अदलाबदल रद्द झाली आणि काठी देणाऱ्याकडे राहिली. मग एकाने सहज होडीत चढून पाहिले, आणि काठी गेली. जुनी नोंद आम्ही आभारांसह बंद केली, होडीची नवी नोंद केली, आणि तिच्या पहिल्या ओळीत जुन्या नोंदीचा क्रमांक लिहिला.